इन्स्पेक्टरबाईंचं वजन

माझे बाबा वजनकाटे दुरुस्त करतात. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान आहे. एक लांब टेबल, त्यावर पोट उघडून पडलेले काटे, भिंतीला टांगलेली पारडी आणि खिडकीजवळ मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं. या वजनांना बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायचं, कारण बोटाचा घाम वजनाला चिकटतो. हे मी बोलायला शिकले त्याच सुमारास शिकले. जन्माला आले तेव्हा मी इतकी लहान होते की बाबांनी मला ‘मिलिग्राम’ नाव ठेवलं. आता पदवी मिळाली, नोकरी लागली, तरी घरात मी अजून मिलीच आहे.

नोकरी पक्ष्यांची आहे. शहराच्या टोकाला पाणीपुरवठा खात्याचं एक जुनं तळं आहे. तळ्यातल्या बेटावरच्या झाडांवर राखी बगळे घरटी करतात. यंदा अकरा घरटी होती आणि सगळ्यांत पिल्लं होती. त्याच वेळी खात्याला तळ्याच्या झडपेचं गंजलेलं दार बदलायचं होतं आणि त्यासाठी पाणी दोन टप्प्यांत उतरवायचं होतं. पहिला टप्पा उरकला होता. दुसऱ्या टप्प्यात काठचं उथळ पाणी आटणार होतं, आणि बगळे मासे धरतात ते नेमकं तिथेच.

आमच्या संस्थेने खात्याशी एक ठराव केला. पायात अंगठी घातलेल्या किमान पाच बगळ्यांचं वजन सरासरी दहा टक्क्यांहून जास्त घटलं, तर पिल्लं उडेपर्यंत दुसरा टप्पा थांबवायचा. तेवढं नाही घटलं, तर ठरल्याप्रमाणे सोमवारी पाणी सोडायचं. ते वजन मोजायचं काम माझं.

रानपक्ष्याला रोज धरून तोलता येत नाही. धरलं की तो भेदरतो, आणि भेदरलेल्या पक्ष्याची तब्येत मोजण्यात काही अर्थ नसतो. म्हणून एकदाच, काळजीपूर्वक, सात बगळ्यांच्या पायांत अंगठ्या घातल्या. प्रत्येक अंगठीत तिचा क्रमांक आणि नखाएवढा तापमापक. मग उथळ पाण्यात चार खांब रोवून त्यांवर बसायला लाकडी दांड्या बसवल्या. दांडीखाली धातूचा एक तुकडा असतो. भार पडला की तो डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, आणि त्या वाकण्यावरून वजन कळतं. बगळा दांडीवर उतरला की अंगठीचा क्रमांक, पायाचं तापमान आणि वजन, तिन्ही गोष्टी बिनतारी संदेशाने पंपघराच्या गच्चीवरच्या पेटीत जातात, आणि तिथून माझ्याकडे. पक्ष्याला पत्ताही नसतो.

दांड्या बाबांनी बनवल्या. संस्थेने पाठवलेल्या तयार दांड्या वाऱ्यात वीस-वीस ग्रॅम इकडेतिकडे व्हायच्या. मी त्या दुकानात आणून टेबलावर ठेवल्या. बाबांनी एक उचलली, हलवली, कानाशी धरली.

“हा काटा आहे होय? मला वाटलं टॉवेल वाळत घालायची दांडी आहे.”

पंधरा दिवसांत त्यांनी चारही नव्याने केल्या. मात्र त्या धातूच्या तुकड्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. “हा खोटं बोलत नाही कशावरून? तारेशिवाय बोलतो म्हणजे तोंडावर सांगत नाही, मागून सांगतो.” म्हणून रोज सकाळी सहाला सायकलवरून जाऊन शून्य तपासायचं त्यांनी स्वतःकडे घेतलं. दांडी रिकामी असताना शून्य दिसतं का, आणि अर्ध्या किलोचं पितळी वजन टांगल्यावर बरोबर पाचशे दिसतं का. आकडे पाहता यावेत म्हणून मी त्यांना माझा जुना फोन दिला.

दोन नंबरच्या दांडीवर एक बगळा ठरल्यासारखा रोज यायचा. मान आत ओढून, खांदे पाडून, पाठीशी हात बांधल्यासारखा उभा राहायचा आणि पाण्याकडे अशा नजरेने बघायचा की पाण्याचीच काहीतरी चूक असावी.

“हा तर आमचा इन्स्पेक्टर,” बाबा म्हणाले. वर्षातून एकदा दुकानात वजनमापांचे इन्स्पेक्टर यायचे, त्यांची उभं राहायची तऱ्हा हुबेहूब अशीच होती म्हणे. अंगठी घालताना घेतलेल्या रक्ताच्या थेंबाचा अहवाल आला तेव्हा कळलं की ती मादी आहे. बाबांनी चष्मा काढून पुसला. “मग इन्स्पेक्टरबाई. बाई जास्त कडक असतात.”

पहिला टप्पा उतरल्यावर वजनं घसरायला लागली. तापमानं ठीक होती, म्हणजे आजार नव्हता. ती भूक होती. इन्स्पेक्टरबाई १५४८ ग्रॅमवरून १४३० वर आल्या. मी रोज संध्याकाळी दुकानातल्या स्टुलावर बसून आकडे वाचायचे आणि बाबा काम थांबवून ऐकायचे.

“किती खाली चालणार?” एकदा त्यांनी विचारलं.

“टिकलं पाहिजे हो वजन,” मी म्हणाले. “घरट्यात तीन पिल्लं आहेत तिची.”

एवढंच म्हणाले. ठराव, दहा टक्के, सोमवार, यातलं काही त्यांना सांगितलं नव्हतं. कागदावरच्या गोष्टी कागदावर, असं माझ्या डोक्यात होतं.

अंगठी घातलेल्या सातांपैकी पाचच बगळे नियमाने दांडीवर यायचे. त्यांतल्या चौघांची वजनं त्यानंतरही घसरतच राहिली. इन्स्पेक्टरबाईंचं मात्र थांबलं, आणि मग चढायला लागलं. मला वाटलं, अनुभवी पक्षी आहे, तिला दुसरी जागा सापडली असेल. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. पाचांत एक तरी सुखात आहे म्हणून मी आकडा दोनदा तपासला नाही.

गुरुवारी दुपारी खात्याच्या इंजिनिअरचा फोन आला. हा माणूस सज्जन आहे. त्याला बारा महिने सर्दी असते आणि तो प्रत्येक वाक्य नाक पुसून सुरू करतो.

“मॅडम, तुमचा तक्ता पाहिला. चार पक्षी दहाच्या आसपास घटलेत. अकरा, साडेदहा, नऊ पूर्णांक आठ, दहा पूर्णांक दोन. पण दोन नंबरवाला एकच टक्का. सरासरी साडेआठ येते.”

“हो.”

“मग सोमवारी पाणी सोडतोय. कंत्राटदार आधीच डोकं खातोय माझं.”

“त्या एका पक्ष्याचा आकडा विचित्र आहे. तो वगळला तर दहा पूर्णांक चार होतात.”

“वगळला तर चारच पक्षी उरतात. ठरावात किमान पाच लिहिलंय, तुम्हीच लिहिलंत.” त्याने नाक पुसलं. “सोमवारी सकाळी दहाला या. काही सापडलं तर घेऊन या.”

घरी आले तेव्हा आई फ्रीज पुसत होती. आई नर्स होती. तान्ह्या बाळांच्या दवाखान्यात तिची तीस वर्षं गेली. तिने मागच्या कप्प्यातून कागदात गुंडाळलेली एक पुडी काढून माझ्यापुढे धरली.

“तुझे ते नमुने माझ्या फ्रीजमधून हलव. मागे विष्ठा ठेवली होतीस तेव्हाच सांगितलं होतं.”

पुडीत माशांच्या शेपट्या होत्या. नीट कापलेल्या, एका मापाच्या नाहीत, पण सगळ्या स्वच्छ.

“माझे नाहीत हे. मला वाटलं तुझंच काहीतरी.”

“मी शेपट्या जमवायला लागले की मला दवाखान्यात ने.” तिने पुडी परत गुंडाळली. “तोंड का उतरलंय?”

मी तिला सगळं सांगितलं. ठराव, सोमवार आणि इन्स्पेक्टरबाईंचा चढता आकडा. ती फडकं पिळत ऐकत होती.

“आमच्याकडे बाळाचं वजन वाढत नसलं की डॉक्टर रागवायचे,” ती म्हणाली. “म्हणून काही आया दारातच बाळाला पोटभर पाजून मग काट्यावर ठेवायच्या. एकदम ऐंशी ग्रॅम जास्त. त्यांना वाटायचं, कोणाला कळत नाही.”

“तुला कसं कळायचं?”

“ढेकर द्यायचं की बाळ, काट्यावर.”

मी तिथेच ओट्याला टेकून लॅपटॉप उघडला. मी रोज पाहायचे ती दिवसभराची सरासरी. पेटी मात्र दर दहा सेकंदांचं वजन साठवते. मी दोन नंबरच्या दांडीची सकाळ उघडली. सहा वाजून सात मिनिटांनी इन्स्पेक्टरबाई उतरल्या तेव्हा १४८१. सहा बाराला १५३१. सहा चौदाला १५८१. सहा सतराला १६३१. आदल्या दिवशी वेगळ्या आकड्यापासून सुरुवात, पण पायऱ्या त्याच. तिच्या आदल्या दिवशीही. एकोणीस दिवस मागेपर्यंत, रोज तीन पायऱ्या, प्रत्येक पन्नास ग्रॅमची.

तळ्यातले मासे पन्नासाच्या पाढ्याने जन्माला येत नाहीत. एखादा चाळीसचा असतो, एखादा त्रेसष्टचा. जगात फक्त एकच माणूस बगळ्याला घास देण्याआधी तो काट्यावर ठेवेल, जास्त भरला तर शेपटी कापेल, आणि मगच देईल.

आईने माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं, मग हातातल्या पुडीकडे. “तुझे बाबा,” ती म्हणाली, आणि हसू दाबायला तोंड फिरवलं.

बाबा दुकानात होते. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी सवयीने डोळ्याला भिंग लावलं आणि पायऱ्यांवरून बोट फिरवलं, पडद्याला न लावता.

“पन्नास, पन्नास, पन्नास. उत्तम चाललाय की काटा.”

“बाबा.”

त्यांनी भिंग काढलं.

“तुझं काम फसतंय असं वाटलं मला,” ते म्हणाले. “तूच म्हणालीस, वजन टिकलं पाहिजे. आणि ती रोज समोर येऊन उभी राहते गं. त्या फोनवर आकडा उतरताना दिसतो. चौदाशे तीस झालं तेव्हा माझ्याच्याने बघवेना.”

“मग अंदाजाने तरी द्यायचं. मला कधी कळलंही नसतं.”

“अंदाजाने?” ते खरोखरच दुखावले. “मी?”

मी स्टुलावर बसले आणि जे तीन आठवड्यांपूर्वी सांगायला हवं होतं ते सांगितलं. वजन घटलं तर पाणी थांबणार होतं. तिचं वाढलं म्हणून घटीची सरासरी खाली आली. सोमवारी पाणी सुटेल, उथळ भाग आटेल आणि अकरा घरट्यांतली पिल्लं उपाशी राहतील, तिचीही.

एक पारडं बाबांनी उगाचच सरळ केलं.

“चाळीस वर्षं दुकानदारांना सांगत आलोय, काट्याला बोट लावू नका,” ते म्हणाले. “आणि मी अख्खा मासा लावला.”

“चूक माझीही आहे. मी सांगितलं नव्हतं.”

“तू सांगितलं नाहीस ही तुझी. लावला तो माझा.” मग ड्रॉवर उघडून त्यांनी एक जुनी, कापडी पाठीची वही काढली. “यात सगळं आहे. तारीख, वेळ, वजन. एक दिवस एक मासा पाण्यात पडला, त्याच्या जागी दुसरा दिला, तेही लिहिलंय.”

सोमवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. वाटभर ती वही छातीशी धरून होते, आणि का ते मला ठाऊक होतं. पाणी शुद्ध करायला तुरटी लागते, ती ज्या मोठ्या काट्यावर तोलतात त्यावर बाबांचं शिशाचं सील आहे. त्या सीलवर खातं डोळे मिटून विश्वास ठेवतं. ते सील लावणारा माणूस आज तिथे जाऊन सांगणार होता की मी काट्यात हात घातला.

इंजिनिअरच्या खोलीत भिंतीवर पाण्याच्या पातळ्यांचा तक्ता होता आणि खिळ्यांना झडपांच्या किल्ल्या टांगलेल्या होत्या. बाबांना पाहून तो उठला. “काका, तुम्ही? तुरटीचा काटा बिघडला की काय?”

“काटा ठीक आहे. मी बिघडलो,” बाबा म्हणाले, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. एकही सबब दिली नाही. माझं नावही घेतलं नाही. शेवटी वही टेबलावर ठेवली. “आता त्या तुरटीच्या काट्यावर तुम्हाला दुसऱ्या कोणाचं सील हवं असेल, तर मी समजू शकतो.”

इंजिनिअरने नाक पुसलं आणि वही उघडली, पण पुढच्या बाजूने. त्याच्या भुवया वर गेल्या.

“हे काय, एकोणीसशे दहा, एकोणीसशे वीस, एकोणीसशे पस्तीस? आणि इथे ‘दूध कमी प्यायली’ असं लिहिलंय?”

“ते हिचं,” बाबा म्हणाले. “बगळी मागच्या बाजूने आहे.”

मला ती वही कोणती ते तेव्हा कळलं. मी खिडकीबाहेर पंपघराकडे बघायला लागले. इंजिनिअरने उगाचच दोन पानं जास्त वाचली आणि मग वही उलटी केली.

मी हिशेब मांडला. एवढ्या मोठ्या बगळ्याला दिवसाला साधारण तीनशे ग्रॅम मासे लागतात. हिला दीडशे आयते मिळत होते, तरीही मूळ वजनापर्यंत ती पोचली नव्हती. म्हणजे तळ्यातून तिचं जेमतेम अर्धं पोट भरत होतं.

“सकाळी उतरतानाचं वजन धरा की,” तो म्हणाला. “ते तर मासे खाण्याआधीचं.”

“ते कालच्या माशांवर उभं आहे.”

“हं.” त्याने तक्त्याकडे पाहिलं. “मॅडम, हे मला पटतंय. पण ठरावात मोजलेलं वजन लिहिलंय, पटलेलं नाही.” मग बाबांकडे वळला. “काका, सात दिवस पाणी आहे तिथेच ठेवतो. कंत्राटदाराच्या शिव्या मी खातो. सात दिवस तुम्ही त्या पक्ष्याला काही द्यायचं नाही. पाचांची सरासरी दहाच्या पलीकडे गेली तर पाणी थांबलं. नाही गेली तर मला सोडावं लागेल.”

“आणि सील?”

“स्वतःची चूक स्वतःच वहीत लिहून ठेवणारा दुसरा माणूस मी कुठे शोधू?” इंजिनिअर म्हणाला. “बसा, पाणी घ्या. आमचंच आहे.”

मी बाबांना म्हटलं, आठवडाभर शून्य मी तपासते, तुम्ही जाऊ नका. ते म्हणाले, “शून्य माझं काम आहे.” मग मीही त्यांच्याबरोबर जायला लागले. इन्स्पेक्टरबाई सहा वाजून सात मिनिटांनी उतरायच्या. मान वळवून काठाकडे बघायच्या. बाबा दोन्ही हात खिशात घालून उभे राहायचे.

“बघू नको माझ्याकडे,” तिसऱ्या दिवशी ते पुटपुटले. “इन्स्पेक्टर आहेस ना? नियम नियम असतो.”

आकडा दिवसाला वीस ग्रॅमने उतरत होता. आमच्या घरात तो संध्याकाळी कोणी मोठ्याने वाचायचं नाही असं न बोलताच ठरलं. चौथ्या दिवशी बाबा जेवणावरून अर्धवट उठले. आई म्हणाली, “तुम्ही उपाशी राहिलात तर सरासरीत धरणार नाहीत.” ते परत बसले आणि जेवले.

सहाव्या दिवशी १४१२. बाकीचेही थोडे उतरले होते. मी सरासरी तीनदा काढली: दहा पूर्णांक दोन. कच्च्या नोंदींसह इंजिनिअरला पाठवली. दुपारी त्याचा फोन आला. दुसरा टप्पा थांबला होता, शिवाय पहिल्या टप्प्यात उतरवलेल्या पाण्यातलं वीतभर परत भरायचं त्याने ठरवलं होतं. “झडप दोन महिन्यांनी बदलू,” तो म्हणाला. “गंज काही पळून जात नाही.”

मी दुकानात जाऊन सांगितलं. बाबांनी हातातला काटा खाली ठेवला.

“मग आता एक तुकडा देऊ? एकच. पंचवीसचा.”

“नाही.”

“बरं,” ते म्हणाले. “विचारलं फक्त.”

पाणी वीतभर चढल्यावर काठच्या गवतात बारके मासे परत आले. बेटावरची पिल्लं फांद्यांवर येऊन पंख ताणायला लागली. मी पुन्हा दिवसातून एकदाच आकडे पाहायला लागले, पण आता कच्च्या नोंदीही उघडायचे.

एका सकाळी मी दात घासत असताना बाबांचा फोन आला. आवाज इतका हळू होता की आधी वाटलं त्यांना बरं नाही.

“मिली, लिहून घे. आत्ता दोन नंबरवर जे दिसतंय ते खोटं आहे.”

“काय झालं?”

“मी अर्ध्या किलोचं वजन टांगलं आणि तेवढ्यात बाई येऊन बसल्या. मी गुडघाभर पाण्यात उभा आहे, बाईंपासून दोन हातांवर. हललो तर उडतील. एकोणीसशे सदतीस दिसतंय. त्यातले पाचशे माझे. वजा कर आणि वेळ लिही, सहा अकरा.”

मी चूळ भरली आणि लिहिलं. १४३७. शेवटच्या त्या वाईट आकड्यापेक्षा पंचवीस ग्रॅम जास्त.

“लिहिलं,” मी म्हणाले. “बाबा, पाय गारठले असतील. हळूच मागे या.”

“थांब जरा,” ते कुजबुजले. “तिने आत्ता एक मासा धरलाय. बघ, आकडा बदलला. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.”

एक्केचाळीस ग्रॅमचा मासा. ते एक्केचाळीस मी वहीत लिहिले आणि खाली रेघ मारली. फोन बंद न करता बाबा तिथेच उभे होते. मला फक्त पाण्याचा आवाज येत होता.